न ठोकलेला ओंडका

गडब गावात हायवेच्या कडेला महिपती घरतची लाकडाची वखार होती आणि वखारीपेक्षा महिपतीचा आवाज लांबून ऐकू यायचा. नाकाच्या शेंड्यावर राग. एसटीच्या कंडक्टरशी भांडण, देवळाच्या कमिटीशी भांडण, टेम्पो उभा करण्यावरून शेजारच्या टायरवाल्याशी तर रोजचंच. पेणच्या पोह्यांच्या भट्ट्यांना लाकूड तोच पुरवायचा. भट्टीवाले त्याच्या शिव्या खाऊन घ्यायचे, कारण त्याचं लाकूड सुकं आणि साफ असायचं.

साफ म्हणजे त्यात लोखंड नसायचं. रस्त्याकडेच्या झाडांत काय काय ठोकलेलं असतं, ते ज्याने कुऱ्हाड चालवली त्यालाच ठाऊक. पाट्यांचे खिळे, कुंपणाची तार, दिव्यांच्या माळांचे आकडे. साल त्यावर चढते, वरून काही दिसत नाही. महिपती प्रत्येक ओंडका कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूने तीन ठिकाणी ठोकायचा, मान वाकडी करून ऐकायचा आणि बोट दाखवायचा, "हितं हाय." तिथे फोडलं की खिळा निघायचा. वीस वर्षांत त्याचा कान एकदाही चुकला नव्हता. हे तो सांगत सुटायचा, आणि खरं असल्यामुळे ऐकणाऱ्यांना मुकाट्याने ऐकावं लागायचं.

वखारीत फोडायचं काम जनूचं. पंचेचाळिशीचा, कमी बोलणारा, महिपतीला दादा म्हणणारा माणूस. त्याच्या खांद्यांनी कुरकुर सुरू केली तेव्हा महिपतीने रोह्याच्या दिनानाथकडून फोडयंत्र आणलं. दिनानाथचा छोटा कारखाना होता. भात झोडायची यंत्रं बनवता बनवता त्याने हे नवीन काढलं होतं. ओंडका आडवा ठेवायचा, दांडा ओढायचा, मागून लोखंडी दट्ट्या सरकतो आणि ओंडका पुढच्या पोलादी पाचरीवर दाबून उभा चिरतो. हमीच्या कागदावर एक ओळ होती, लाकडात लोखंड असल्यास हमी लागू नाही. महिपती ती वाचून मोठ्याने हसला.

"दिनानाथ, ही ओळ दुसऱ्यांसाठी ठेव. माझ्या वखारीत येऊन खिळा दाखव, मी मिशी उतरवीन."

"तुमची मिशी घेऊन मी काय करू, घरतशेट? सही करा," दिनानाथ म्हणाला. तोही काही गोड माणूस नव्हता.

दोन महिने यंत्र सुरळीत चाललं. मग हायवेच्या रुंदीकरणात गावच्या वेशीवरची चिंच गेली.

त्या चिंचेला गाव भ्यायचं. जुन्या काळी एक भगत तिथे बसायचा. कुणाला काही लागलं, पोर रात्रभर रडलं, बाई घुमली, की भगत मंत्र म्हणून खोडात खिळा ठोकायचा आणि जे काही असेल ते झाडात डांबायचा. चिंच तोडू नका म्हणून म्हाताऱ्या जेसीबीसमोर बसल्या, तेव्हा सगळ्यात जास्त टिंगल महिपतीने केली. "भुतांना पण जमिनीचा मोबदला मिळवून द्या," म्हणाला. बाहेरगावच्या मजुरांनी झाड पाडलं, आणि कंत्राटदाराकडून ओंडके उचलायला दुसरं कोणी पुढे येईना, म्हणून ते महिपतीने उचलले.

ओंडके वखारीत उतरले. महिपतीने कुऱ्हाड उलटी धरली, पहिल्या ओंडक्यापाशी गेला आणि थांबला. तो पाच वर्षांचा असताना त्याला झटके यायचे. आई, धोंडुबाई, त्याला कडेवर घेऊन ह्याच झाडाखाली आली होती. भगताने खिळा ठोकला आणि म्हणाला होता, "ह्या झाडावर परत लोखंड मारू नको रे पोरा. डांबलेलं जागं व्हईल." पन्नाशी उलटलेल्या, देवाधर्माला हसणाऱ्या महिपतीच्या हाताला ते वाक्य अजून पाठ होतं. हात वर जाईना. त्याने इकडेतिकडे बघितलं, कुऱ्हाड खाली ठेवली, खिशातून मोबाइल काढून उगाच कुणाला तरी फोन लावला आणि जनूला हाताने खूण केली. घे, लाव मशीनला.

स्वतःला ज्याची भीती वाटली, ते त्याने जनूच्या हातात दिलं. हे त्याला त्याच क्षणी कळलं होतं आणि पुढे आठ महिने त्याने ते स्वतःला कळू दिलं नाही.

तिसऱ्या ओंडक्याला पाचर मोडली. बंदुकीसारखा आवाज झाला, पोलादाचा तुकडा उडाला आणि जनूच्या उजव्या डोळ्यात गेला.

जनूला पेणच्या दवाखान्यात पोचवून महिपती परत आला, तो ओंडका यंत्रात तसाच अडकला होता. त्याने चिरेत डोकावून बघितलं नाही. गड्यांकरवी तो पहारीने काढवला, टेम्पोत टाकला आणि त्याच संध्याकाळी पोह्यांच्या भट्टीवर पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी दिनानाथ आला तो थेट विचारत, "ओंडका कुठाय?"

"जळला."

"एका रात्रीत?"

"लाकूड जाळायसाठीच असतं. तुझ्या कच्च्या पोलादाचं बोल. माझ्या माणसाचा डोळा गेलाय."

"लोखंड होतं त्यात. त्याशिवाय माझी पाचर मोडणार नाही."

"मी ठोकून घेतलेल्या ओंडक्यात? तुझ्या आजाला विचार महिपती घरत कोण ते!" महिपती अंगावर धावून गेला. दोघांनी एकमेकांची धरलेली गचांडी टायरवाल्याने सोडवली.

मग महिपतीने रान पेटवलं. बाजाराच्या दिवशी तो रोह्याला गेला आणि दिनानाथच्या दारात उभा राहून गळ्याच्या शिरा ताणून ओरडला, की हा माणूस माणसांचे डोळे काढतो. ज्या दोघांनी यंत्रं नोंदवली होती, त्यांनी ती आठवड्यात रद्द केली. एवढ्यावर न थांबता महिपतीने अलिबागच्या ग्राहक मंचात तक्रार टाकली.

आणि त्यानंतर आठ दिवसांनी काशीबाई आली. ही भट्टीवर जाळ घालणारी बाई. पदराची गाठ सोडून तिने चार खिळे त्याच्यापुढे ठेवले. लोहाराने हाताने घडवलेले, चौकोनी, वीतभर लांब. एकाचं टोक पार चेपलेलं होतं.

"राखेत गावले," ती म्हणाली. "मालक बोलला भंगारात टाक. पन असले खिळे कोन टाकतं? ज्याच्या लाकडातले त्याला दिले. आता तुमी जाना नि ते जाना."

"कुणाला बोललीस?"

"मना काय करायचं बोलून? डोळा माजा गेलाय थोडाच."

महिपतीने खिळे वंगणाच्या रिकाम्या डब्यात टाकले आणि डबा फळीवर मागे सारला. पाचर चांगली होती. दिनानाथ खरा होता. पण हे कबूल करायचं तर, मी ओंडका ठोकला नाही, हे सांगायला हवं. का नाही ठोकला, तेही. सगळं गाव हसेल ते परवडलं असतं. पण जनूच्या डोळ्याचा जाब मग दिनानाथला नाही, त्याला स्वतःला द्यावा लागला असता. म्हणून तो दिनानाथला अजून जोरात शिव्या देऊ लागला.

सुनावणीच्या सकाळी त्याने खिळे खिशात घातले. अलिबागला जाताना धरमतरचा पूल लागतो, तिथून खाडीत फेकायचे असं ठरवलं होतं. एसटीत महिपती खिडकीशी बसला, जनू त्याच्या डावीकडे. पूल आला. जनूच्या ह्या बाजूला डोळाच नव्हता. महिपतीने हात लांब केला असता तरी त्याला दिसलं नसतं. महिपतीचा हात खिशातच राहिला आणि पूल मागे गेला.

मंचापुढे दिनानाथने पोलाद तपासल्याचा कागद ठेवला. महिपतीच्या वकिलाने जनूला उभं केलं.

"दादा परतेक ओंडका ठोकून बघतात," जनू म्हणाला. "तो पन ठोकला व्हता. मी समोरच व्हतो. तीनदा ठोकला. आवाज साफ आला."

जनू खरंच समोर होता. त्याने सगळं पाहिलं होतं, कुऱ्हाड खाली ठेवलेली, मोबाइल काढलेला, सगळं. आठ महिने त्याला माहीत होतं, आणि आता तो शपथेवर, फुटक्या डोळ्याने, मालकाचा कान खरा करून दाखवत होता. महिपतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढा संताप त्याला दिनानाथचाही आला नव्हता.

"काय साफ आला रे?" तो ओरडतच उठला. "ठोकलाच नाय तर आवाज येतो कुठून? खोटं बोलतोस माझ्यासाठी? मी सांगितलं होतं तुला?"

वकील त्याचा सदरा ओढायला लागला. महिपतीने त्याचा हात झटकला आणि खिळे टेबलावर आदळले.

"हे घ्या. चिंचेतले. मी भ्यालो म्हणून ठोकला नाय, नि ह्याला पुढे केला. बस झालं?"

तक्रार तिथेच संपली. बाहेर पायरीवर दिनानाथने त्याला गाठलं.

"घरत, माझ्या दारात भर बाजारात ओरडलात. ते इथे चार भिंतीत फिटत नाही."

"मग? पाया पडू?"

"तिथेच येऊन ओरडा."

"येईन! तुझ्या बापाला भितो काय!"

आणि तो गेला. बाजाराच्या दिवशी, त्याच दारात, त्याच आवाजात, पाचर चांगली होती म्हणून ओरडला, आणि वर दिनानाथला माणूस हलकट आहे हेही सांगून आला. दिनानाथने त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. रद्द झालेली यंत्रं काही परत नोंदवली गेली नाहीत.

सुनावणीच्या दिवशी जनू अलिबागहून दुसऱ्या गाडीने आला होता. पंधरा दिवस तो वखारीकडे फिरकला नाही. सोळाव्या दिवशी सकाळी आला तेव्हा महिपती नव्या आलेल्या सुरूच्या ओंडक्यापाशी कुऱ्हाड उलटी धरून उभा होता. खोटी साक्ष का दिलीस, हे त्याला विचारायचं होतं. पंधरा दिवस त्याने तेच घोळवलं होतं.

जनूने त्याच्या हातातून कुऱ्हाड काढून घेतली.

"बाजूला व्हा," तो म्हणाला. दादा म्हणाला नाही. "हितून पुढं मी ठोकनार. ज्याचा डोळा, त्याचा कान."

आयुष्यात कुणासाठी हटला नव्हता तो महिपती बाजूला झाला. जनूने ओंडका तीन ठिकाणी ठोकला, मान वाकडी करून ऐकलं, आणि मग आणखी दोनदा ठोकला.