पोट सुटलेलं छत

मी ताणलेल्या कापडाची छतं उभारतो. चार खांब, पोलादी दोर आणि एकच जाड पांढरं कापड. समोरासमोरचे दोन कोपरे वर, उरलेले दोन खाली. त्या ओढाताणीतच त्याचं बळ असतं, आणि त्या उतारावरूनच पाणी निघून जातं.

अकोले तालुक्यातल्या एका डोंगरी गावात आठवडी बाजारासाठी असं छत बांधलं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी गावच्या समितीचा अध्यक्ष म्हणाला, "रस्त्याकडचा कोपरा लई खाली आलाय. फलकावरचा साहेबांचा फोटो झाकतोय. घ्या की वर."

मी उतार समजावून सांगितला.

"एका कोपऱ्यानं काय आभाळ पडतंय व्हय?"

सगळे हसले. मीही हसलो आणि कोपरा वर घेतला. त्या हसण्याची मला अजून चीड येते.

उद्घाटन झालं. कोपरा तसाच राहिला, फोटोही राहिला. श्रावणातल्या एका बाजाराला न राहवून मी गेलो. छताला गाभण म्हशीसारखं पोट सुटलं होतं. वर हौदभर पाणी, खाली भाजीवाल्या. एक मावशी काठीच्या टोकानं ते पोट वर ढोसत होती. पालावर साचलेलं पाणी इथे सगळे असंच उडवतात. सैल ताडपत्रीला ते चालतं. या ताणलेल्या कापडात टोक घुसलं असतं, तर ते टरकन फाटून सगळं पाणी बायकांच्या अंगावर आलं असतं.

"मावशी, काठी टाका! सगळ्या उठा इथून!"

"उठले तर जागा जाईल, भाऊ. तुमी देनार व्हय दुसरी?"

"अहो, छत फाटेल!"

"तुमीच बांदलंय न्हवं? मग कसं फाटंल?"

मी पाना घेऊन रस्त्याकडच्या खांबाला शिडी लावली. अध्यक्ष चहाच्या टपरीवरून धावत आला. "अवो, फोटो भिजंल! सोमवारी येनार हायेत ते!"

"भिजू दे तुझा फोटो!" इतक्या जोरात मी कधीच कुणावर ओरडलो नव्हतो. कोपरा खाली सोडला तसा पाण्याचा लोंढा फलकावर कोसळला आणि साहेब चिखलात पालथे पडले.

बायका खिदळल्या. काठीवाली मात्र वर बघत म्हणाली, "येवढंच हुतं? मंग आदीच का न्हाई केलं?"

अध्यक्ष खालून शिव्या देत होता. मी कोपरा जुन्या खुणेवर ओढून बांधला आणि बोल्टचे आटे पान्यानं ठेचून टाकले. तो पुन्हा कुणालाच फिरवता येऊ नये. मलाही.