कॅमेऱ्यातून मी काकींवरच ओरडले

मंडळी, आज सकाळपासून कामात लक्षच नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

गेल्या वर्षी आम्ही कोकणात, गावच्या जागेत सुट्टीसाठी छोटं घर बांधलं. आम्ही राहतो मुलुंडला, घर बहुतेक वेळ बंदच असतं. म्हणून भक्कम दरवाजा, चांगली कुलपं आणि मोबाईलला जोडलेला कॅमेरा, सगळं करून घेतलं.

आज ऑफिसला निघताना मोबाईल वाजला. बघते तर डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई काठी घेऊन आमच्या मागच्या खिडकीशी उभी! माझी सटकलीच. कॅमेऱ्याच्या स्पीकरवरून मी ओरडले, "ए, कोण आहेस गं? चालती हो, नाहीतर पोलिसांना बोलावते!"

बाई दचकली. तिने घाबरून वर पाहिलं आणि मला चेहरा दिसला. शेजारी राहणाऱ्या आमच्या चुलत काकी! घर बांधताना गवंड्यांना रोज चहा यांनीच दिला होता. काठी टेकत त्या निघून गेल्या.

मी लगेच फोन लावला. म्हणाल्या, "गो, खिडकी उघडी रवली तुझी. माकडां आत शिरत होती, त्येंका हाकलूक इल्लंय."

खिडकी मीच उघडी ठेवून आले होते. मी माफी मागितली. काकी रागावल्या नाहीत, फक्त हळूच विचारलं, "आता अंगणात येवचा झाला तर आधी तुका इचारूचा लागात काय?"

मला रडूच आलं. खूप लाज वाटतेय यार. शनिवारी गावाला जातेय. माझ्या जागी तुम्ही असता, तर त्यांच्यासमोर उभं राहून काय बोलला असता?