इनसोल घेऊन वेल्ह्याला

स्वारगेटहून भोरची एस.टी. सुटली तेव्हा माझ्या पायांत नवेकोरे बूट होते आणि बुटांत मापाने बनवून घेतलेले इनसोल. इनसोल म्हणजे पायाच्या कमानीला आणि टाचेला आधार देणारा कडक तळ. पायांचे ठसे घेऊन तो बनवतात. माझी टाच तीन वर्षं दुखत होती. आता सगळं सुरळीत होईल असं मी धरून चालले होते. प्रत्यक्ष चालणं अजून व्हायचं होतं.

भोरला बहिणीकडे एक रात्र राहून जायचं होतं वेल्ह्याच्या वर, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका वाडीत. शिक्षिका म्हणून माझी पहिली नेमणूक तिथली. शेवंता शाळेशेजारी राहायची, माझ्याच वयाची. भातलावणीच्या दिवसांत मी तापाने फणफणले, तेव्हा तिने मला पाठुंगळी घेऊन ओढा ओलांडला आणि खाली दवाखान्यात नेलं. आता तिचे गुडघे गेले आहेत, ती खाली उतरत नाही. वाडीपर्यंत रस्ता नाही, आणि टाचेमुळे मी वर जात नव्हते. परवा फोनवर ती म्हणाली, "बाई, दर साली येते म्हनता. न्हाई आलात तरी चालंल, पर येते म्हनू नका."

कामथडी मागे पडेपर्यंत पाय बुटात अगदी सुखात होते. त्याचं कारण मी बसलेली होते, हे भोरला उतरल्यावर कळलं. स्टँडपासून धाकट्या बहिणीचं घर दहा मिनिटांवर. तेवढ्यात टाच तीनदा बुटाबाहेर आली आणि बोटं पुढे चेंगरली. बहिणीने दारातच माझी चाल पाहिली, चहा टाकला नाही, आणि मला सरळ बाजारपेठेतल्या चपलांच्या दुकानात नेलं.

दुकान रंजनाताईंचं. पन्नाशीच्या असतील. लहानपणीच्या पोलिओमुळे डावा पाय आखूड, म्हणून त्या बुटाचा तळ दोन बोटं उंच करून घेतलेला. त्यांनी माझा बूट हातात घेतला.

"कंपनीचा आतला तळ काढला व्हता का?"

"काढायचा असतो?"

पाटी न आणलेल्या मुलाकडे मी जशी बघायचे, तशा त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग माझ्या इनसोलखालून त्यांनी बुटाचा स्वतःचा मऊ तळ उपसून काढला. "एकावर एक दोन ठेवलं की पाय वर उचलला जातो. मंग टाच भाईरच येनार." पुढे त्यांनी बूट दोन्ही हातांनी वाकवला, तो मधोमध दुमडला. टाचेमागचा भाग अंगठ्याने दाबला, तो पापडासारखा आत गेला. "वाकायचा तो चवड्यापाशी, मधी न्हाई. मागची बाजू टनक पायजे. बूटच असा हलला तर तुमच्या इनसोलनं काय करायचं?"

"मग उद्या सकाळी येऊन दुसरा बघते," मी म्हटलं.

"आत्ताच बगा. सांजच्याला पाय फुगलेला असतो, तवाच माप खरं."

त्यांनी चार जोड काढले आणि प्रत्येकाचा तळ काढून माझे इनसोल बसवले. नाडी बांधायला लावून मला दुकानापुढच्या पिठाच्या गिरणीपर्यंतच्या चढावर पाठवलं. पहिला जोड दिसायला सुरेख होता, पण इनसोल त्यात कडेला वर आला. दुसरा अरुंद निघाला. तिसऱ्यातून टाच निसटली. चौथा काळा, रुंद, खोल आणि बोजड होता. तो घालून मी गिरणीला जाऊन आले तरी पाय जागचा हलला नाही.

"पण हा पुरुषांचा आहे," मी म्हटलं.

"पायाला सांगू नका," रंजनाताई म्हणाल्या. बांधून देताना त्यांनी बजावलं, "लगेच डोंगराला घालायचा न्हाई. चार दिस घरात वापरा, रोज थोडा थोडा."

मी शेवंताला फोन करून चार दिवस लागतील असं सांगितलं. "बरं. आमी हितंच हाय," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

चार दिवस मी बहिणीच्या घरात पुरुषांचे बूट घालून हिंडले. पहिल्या दिवशी एक तास, चौथ्या दिवशी सकाळपासून जेवणापर्यंत. बहिणीने आंबेमोहोराचा भात आणि पावट्याची आमटी केली होती, ती मी नाड्या बांधलेल्या अवस्थेत जेवले.

पाचव्या दिवशी नसरापूरला गाडी बदलली. विंझरला चढलेल्या एक आजी शेजारी बसल्या. त्यांनी माझी साडी पाहिली, मग बूट पाहिले.

"पोलिसात हाय का?"

"शाळेत शिकवायचे."

"मंग बरुबर," असं म्हणून त्या झोपी गेल्या.

वेल्ह्यातून तोरण्याला पाठीशी ठेवून वाट चढू लागते. गवत वाळून पिवळं पडलं होतं आणि मुरुमावरून पाय घसरत होता. बुटातल्या बुटात मात्र तो घसरत नव्हता. करंगळी घासायला लागली तेव्हा खाली बसून नाडी जरा सैल केली. ओढा कोरडा होता. पूर्वी एका तासात चढायचे, आता दोन लागले.

शेवंता उंबऱ्यात बसली होती. "आलात व्हय," एवढंच म्हणाली. घरात बुद्धांच्या तसबिरीला ताजी फुलं वाहिलेली होती. तिच्या सुनेने नाचणीची भाकरी आणि कोरड्यास (भाकरीबरोबरचं कालवण) वाढलं. जेवता जेवता शेवंता म्हणाली, "पोरगं म्हनतंय, पुन्याला जाऊन गुडघं दाखवू. म्या म्हनलं, बाई आल्या की इचारू."

"कधीपासून म्हणतोय?"

"झाली की तीन वरसं. तुमी येते म्हनला व्हता."

आपण एका माणसाचं दुखणं अडवून बसलो आहोत, हे मला पुण्यात कधी सुचलंच नव्हतं.

"दाखवायचं," मी म्हटलं. "पुण्यात मी तुझ्याबरोबर येते."

ती ताटातली भाकरी मोडू लागली. मी उठले, भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि पुढच्या आठवड्यातल्या बुधवारावर पेनने गोल केला. कामावर असलेल्या तिच्या मुलाला फोन लावून तो दिवस सांगितला; डोलीतून वेल्ह्यापर्यंत उतरवतो, तो म्हणाला. मग ती म्हणाली, "बरं."

निघाले तेव्हा ती काठी घेऊन उठली. "वढ्यापातुर (ओढ्यापर्यंत) येते." सून नको म्हणाली, मीही नको म्हटलं. ती आलीच. उतारावर एकेक पाऊल टाकत आम्ही ओढ्याशी पोचलो. "आता जावा," ती म्हणाली आणि वळली.

मी काठावर थांबले. ती चार पावलं चढायची, काठीवर रेलून श्वास घ्यायची, पुन्हा चार पावलं. मागे एकदाही बघितलं नाही. ती उंबऱ्यात टेकलेली दिसेपर्यंत मी तिथेच उभी होते. त्या उशिरात वेल्ह्याहून सुटणारी शेवटची एस.टी. चुकली, आणि नसरापूरपर्यंत मी भाजीच्या टेम्पोतून आले.

घरी परतून आता दोन दिवस झाले. टाचेची चौकशी करायला रोज कोणी ना कोणी फोन करतं. टाच बरी आहे, असं मी सांगते, आणि बुधवारी मला वेळ नाही हेही सांगून ठेवते.