टाकीवरचा माणूस, गच्चीवरची मी

आमच्या शालूचे लंगोट आणि आमच्या घरच्यांचे किस्से, दोन्हींचं एकच आहे. सकाळी सगळे धुऊन, वाळवून, घड्या घालून ठेवावेत, तर दुपारी पुन्हा ढीग. माधवनगरच्या आमच्या चाळीत दुपारी बायका जोंधळे पाखडायला बसल्या की कुणीतरी म्हणतंच, "आज तुमच्या बोटवाल्यांनी काय केलं?" आणि मला काहीतरी सापडतंच.

बोटवाले म्हणजे आमचे हे. लढाईत पाच वर्षं आरमारात होते. दोन हातांत दोन निशाणं धरून एका बोटीवरून दुसऱ्या बोटीला निरोप द्यायचे, ते यांचं काम. लढाई संपली, घरी आले, लग्न झालं आणि इथल्या गिरणीत बॉयलरखात्यात लागले. शालू सातव्या महिन्यातच झाली, मांजराच्या पिल्लाएवढी. साताऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, वर्षभर डोळ्यात तेल घालून जपा, ताप दिसला की थांबू नका. तेव्हापासून मी म्हणजे पुस्तक न उघडता परीक्षेला बसलेली मुलगी. शेजारी बघून लिहावं म्हटलं तर शेजारी हे!

यांची आरमारातली काळी ट्रंक मात्र अजून दाराशीच आहे, कुलूप लावून, भरलेली. खलाशाचं सामान तयारच असावं लागतं म्हणे. केर काढताना मी ती कधी हलवली नाही. हलवली तर एखादे दिवशी ती खरंच उठून चालायला लागेल, असं मला वाटायचं.

*

लग्नानंतर पहिल्यांदा साताऱ्याजवळच्या यांच्या गावी गेलो, तेव्हाची गोष्ट. त्या गावात घरटी एक माणूस पलटणीत. पाण्यावर गेलेले हे एकटेच. चुलतसासरे सुभेदार होऊन पेन्शनीत आलेले. त्यांना आबा म्हणतात. पारावर पाचपन्नास माणसं बसलेली असताना त्यांनी यांना समोर बोलावलं. मी देवळाच्या आडोशाला बायकांत होते.

आबा मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "आमी वाळवंटात पाय भाजून घेतलं. तुमी बोटीत बसून लढला म्हनं. जेवान बी बसल्या जागी. असली लढाई आमची म्हातारी बी करंल की रं!"

सगळा पार हसला. मला वाटलं, आता हे चिडणार.

यांनी आधी वाकून आबांच्या पायाला हात लावला. "आवं आबा, बरोबर हाय तुमचं. पर तुमाला मागं सरायला जागा तरी हुती. आमी मागं सरून कुठं जायाचं? माशाच्या पोटात?"

आबांनी मिशीवरचा हात खाली घेतला. मग जरा बाजूला सरकले आणि पारावर शेजारची जागा हाताने झाडून म्हणाले, "बस हितं."

*

शालूचं बारसं माझ्या माहेरी, साताऱ्यात झालं. पाळणा बांधायचं काम यांनी मागून घेतलं. सातव्या महिन्याचं मूल, दोरी सुटली तर, असा माझा धोशा चालला होता, तोही कारण झाला असेल. यांनी तुळईला असा पाळणा बांधला की माझे वडील त्याला लोंबकळून बघून आले. गाठ हलली नाही.

बारसं छान झालं. पाळणा आणलेला होता शेजारच्या देशपांडे काकूंकडून, त्यांच्या नातवाचं बारसं चौथ्या दिवशी. हे तोवर कामावर परतलेले. गाठ सुटेना. वडिलांनी चष्मा लावून पाहिलं, भावाने दातांनी पाहिलं, सुताराला बोलावलं. तो म्हणाला, "दोर कापतो."

काकू म्हणाल्या, नव्या पाळण्याचा दोर कापायचा नाही, अशुभ असतं.

शेवटी काय झालं? देशपांड्यांच्या नातवाचं बारसं आमच्या घरात झालं. पन्नास पानं उठली. महिन्याने हे आले, एक टोक धरून हिसका दिला आणि सगळी दोरी भुर्रकन खाली.

"सोपी तर आहे," म्हणाले. वडील दोन दिवस यांच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दोरी घेऊन शिकायला बसले.

*

बोटीवर पहारा बदलताना एक रीत असते. जाणाऱ्याने येणाऱ्याला सगळं तोंडी सांगायचं, वारा कसा, रोख कुठला, काय दिसलं. येणाऱ्याने ते जसंच्या तसं म्हणून दाखवायचं. मगच जाणारा हलणार. आमच्याकडे शालूचा ताबा असाच बदलू लागला. मी चूल पेटवायला उठले की यांना सांगायचं, "दूध पिऊन झालंय, अंग गार आहे, डावा कान ओढतेय." यांनी ते सगळं परत म्हणायचं. तेवढ्यात माझी भाकरी करपायची.

सासूबाई गावाहून आल्या, त्यांनी हे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "पाच लेकरं वाढवली मी. कवा कुनाला सांगून उठले न्हाई. ह्यो काय खेळ मांडलाय?"

आठ दिवसांनी मी पाणी भरून आले आणि त्यांच्या मांडीवरून शालूला उचलायला गेले. सासूबाईंनी तिला घट्ट धरलं.

"पोरगी आत्ता जागी झालीया. शिंकली दोनदा. पोटावर हिंग लावलाय. म्हन."

मी म्हटलं, "हो आत्याबाई, द्या इकडे."

"आधी म्हन की गं!"

*

कापडाला रेशन होतं. गिरणीच्या दारात राहून लंगोटाला कापड नाही, अशी आमची गत. पावसाळ्यात एका दिवशी एकही लंगोट वाळलेला नव्हता आणि शालू ओल्यात पडलेली. मी यांच्या बिछान्याखालची किल्ली काढली, दाराजवळची ट्रंक उघडली आणि वरचीच पांढरी विजार ओढली. आरमारातल्या विजारीचा पाय खाली केवढा घोळदार असतो! मी आधी एक पाय फाडला. मग विचार केला, एका पायाच्या विजारीचं तरी हे काय करणार? दुसराही फाडला.

नंतर मात्र भान आलं. ज्या माणसाने पाच वर्षं ती इस्त्री करून घातली, त्याला काय सांगायचं, याची मी दुपारभर मनात वाक्यं जुळवली. एकही धड जुळेना.

हे आले. दोरीवर लंगोट बघितले, खाली वाकून शिवण ओळखली. मी बोलायला तोंड उघडणार, तोच त्यांनी बोटाने मोजायला सुरुवात केली.

"एका विजारीत आठ? मग दुसरी कशाला ठेवलीस?"

*

शालूचा ताप दुपारी चढायचा, आणि हे तेव्हा गिरणीत. इकडे माझा जीव टांगणीला, तिकडे यांचा. यांनी तोड काढली. बॉयलरखात्यामागे पाण्याची उंच टाकी आहे. तिथून आमच्या चाळीची गच्ची समोर दिसते. बारा वाजता जेवणाचा भोंगा झाला की हे टाकीच्या शिडीवर चढणार आणि मी गच्चीवर दोन हातांत दोन पिवळी दुपटी घेऊन उभी राहणार. हात कुठल्या कोनात धरला की कुठलं इंग्रजी अक्षर, ते ठरलेलं असतं. त्या अक्षरांत मराठी लिहायचं. एक शब्द कळला की समोरच्याने हात वर करायचा. हात वर झाला नाही तर तोच शब्द पुन्हा.

इंग्रजी चौथीपर्यंत शिकल्याचा मला तेव्हा पहिल्यांदा उपयोग झाला. यांनी समोर उभं राहून शिकवलं, मी समोर उभी राहून शिकले. पंधरा दिवसांत मी "बरी आहे", "ताप नाही", "दूध प्याली" असं भराभर पाठवू लागले. यांचा हात लगेच वर व्हायचा. जन्मात पहिल्यांदा मला एखादी गोष्ट चटकन जमली होती.

एक दिवस यांच्या आरमारातल्या निशाणांच्या पुस्तकातली चित्रं सहज चाळली. मी समोरून बघून शिकले होते ना, त्यामुळे माझा डावा तो उजवा झाला होता. पंधरा दिवस मी प्रत्येक अक्षर उलटं पाठवत होते!

रडकुंडीला येऊन विचारलं, "तुम्हाला कळत कसं होतं? आणि बोलला का नाहीत?"

हे म्हणाले, "मी उलटं करून वाचत होतो. तू इतकी खुशीत असायचीस."

*

चैत्रात गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. शालू खाली सासूबाईंजवळ झोपलेली. सकाळी दहाच्या सुमाराला वानरांची टोळी आली. मी हातात सापडली ती दुपटी घेतली आणि गच्चीभर नाचत, दोन्ही हात फिरवत त्यांना हाकललं. चांगली दहा मिनिटं.

मोठा नर कठड्यावरून उतरतो न उतरतो तोच जिन्यात पावलं वाजली. हे! अंगभर कोळसा, छाती भात्यासारखी, आणि मागे यांचा जोडीदार बापू चौगुले. बापू खालच्या खोलीत राहतात, यांच्याबरोबर बॉयलरवर काम करतात.

"पोरगी कुठाय?" एवढंच यांच्या तोंडून आलं.

मी कुरडया दाखवल्या. वानर दाखवलं. यांना खाली बसावं लागलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "अहो, मी काय पाठवतेय असं वाटलं तुम्हाला?"

"टाकीत पाणी बघायला चढलो होतो, तर तुझी दुपटी दिसली. काहीच लागेना. सुलटं वाचलं, उलटं वाचलं. म्हटलं, हिचं अक्षर इतकं बिघडलंय म्हणजे फार मोठं काहीतरी झालंय."

बापू तेवढ्यात एक अर्धी कुरडई चाखून म्हणाले, "वैनी, मीठ कमी हाय."

*

शालूला वर्ष व्हायला दोन महिने राहिले होते, तेव्हा मुंबईहून पत्र आलं. यांचा बोटीवरचा जुना सोबती एका मालवाहू बोटीवर लागला होता. तिथे जागा होती, पगार गिरणीपेक्षा बरा. दोन वर्षांचा करार. शनिवारच्या टपालाने उत्तर हवं.

हे मला रोज विचारायचे, "तुझं काय म्हणणं?" मी रोज म्हणायचे, "तुम्हाला वाटेल ते करा." शिकलेल्या बाईने नवऱ्याचा पाय ओढू नये, असं मी स्वतःला बजावलं होतं. समुद्राचं नाव निघालं की यांचा चेहरा कसा होतो, ते मी बघितलं होतं. आणि दाराशी ती ट्रंक. यांच्यावाचून दोन वर्षं शालूचं मी एकटीने कसं करणार, हा विचार मनात आला की मी जाऊन तिचं कपाळ चाचपायचे. ते गारच असायचं. माझंच तापलेलं असायचं.

शुक्रवारी सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, तुज्या मनात काय हाय ते त्याला सांग. त्यो काय देव हाय व्हय, न सांगता कळायला?"

शनिवारी सकाळी यांनी दोन कार्डं लिहिली, एक होकाराचं, एक नकाराचं. दोन्ही खिशात टाकली. दारात थांबून म्हणाले, "जेवणाच्या सुट्टीत पोस्टात जाईन. तू काही बोलली नाहीस तर पहिलं टाकीन. नंतर मला बोल लावू नकोस." मी मान हलवली.

बाराचा भोंगा झाला. मी गच्चीवर गेले. चाळीतल्या दोघीतिघी वाळवण राखत बसल्या होत्या. टाकीच्या शिडीवर हे, आणि एक पायरी खाली बापू चौगुले डबा घेऊन. मी दुपटी उचलली. आधी रोजचं पाठवलं, "ताप नाही." यांचा हात वर झाला. आता हे खाली उतरणार, तेवढ्यात मी पुढचा शब्द सुरू केला. आठ दिवसांत जो तोंडातून फुटला नव्हता.

"जाऊ."

हात ताबडतोब वर. अर्धाच निरोप घेऊन हे उतरले तर?

"नका."

हात वर होईना.

माझं अक्षर चुकलं असणार. चुकायचंच, कधी चुकलं नाही? मी डावा-उजवा पुन्हा मनात घोकला आणि सावकाश पाठवलं, "नका."

हे तसेच उभे. चाळीतल्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. माझा पदर खांद्यावरून घसरला, डोळ्यांपुढे टाकी धूसर झाली. दुपटी गच्च धरून मी अगदी उंच, अगदी स्पष्ट, शाळेतल्या कवायतीसारखं तिसऱ्यांदा पाठवलं, "नका."

मग यांचा हात वर झाला. बराच वेळ वरच होता.

संध्याकाळी बापू चौगुले डबा हलवत जिन्यात भेटले. मी विचारलं, "भाऊ, दुपारी माझं अक्षर फार वाईट होतं का हो? तीनतीनदा पाठवावं लागलं."

"न्हाई हो वैनी," बापू म्हणाले. "पयल्याच खेपंला वाचलं त्यानं. मला वाचून बी दावलं. नकाराचं कार्ड काढून माज्या हातात दिलं आन् म्हनला, बापू, पळ पोस्टात. मी हितंच थांबतो, अजून येतंय."