आईने वाचवलेलं दूध

माझ्या आईच्या कारकिर्दीत आमच्या घरी दूध कधी उतू गेलं नाही. हे ती स्वतः सांगायची, आणि आल्यागेल्या प्रत्येकाला सांगायची. पहाटे केंद्रावर रांग लावून आणलेल्या त्या बाटल्या, त्यातला थेंबही वाया घालवणं तिला पाप वाटे. रथसप्तमीला सूर्यासाठी दूध उतू घालायचं असतं. तेसुद्धा ती भातुकलीतल्या एवढ्याशा बोळक्यात दोन चमचे दूध घालून उरकायची. ही देवाची फसवणूक आहे असं मी एकदा म्हटलं आणि धपाटा खाल्ला.

मुलुंडला आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये तमिळ मामी राहायच्या. त्यांच्या सासूबाई गावी, शेतावर. दर पोंगलला मामींनी गावी जायचं हा शिरस्ता, कारण मुंबईच्या गॅसवर पोंगल होतच नाही असं सासूबाईंचं ठाम मत. त्या वर्षी मामींनी हट्टाने त्यांनाच इकडे बोलावलं. सासूबाई आल्या त्या शेतातला नवा तांदूळ आणि कपाळावर आठी घेऊन. मामी आठवडाभर स्वयंपाकघर घासत होत्या.

पोंगलच्याच दिवशी आपली संक्रांत. आई मला घेऊन सकाळीच तिळगूळ द्यायला गेली. दार उघडंच होतं. आत ओट्यापाशी मामी आणि सासूबाई हात जोडून उभ्या होत्या. गॅसवर हळदीचं रोप बांधलेलं पितळी भांडं, आणि त्यातलं दूध भराभर वर येत होतं. दोघी नुसत्या बघत होत्या.

आईला वाटलं, या बायकांचे हातपाय गळाले. तिळगुळाचा डबा माझ्या हातात कोंबून ती दोन ढांगांत ओट्यापाशी पोचली आणि तिने गॅस बंद केला. दूध खाली बसलं.

"वाचलं बाई," ती म्हणाली आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिली.

सासूबाई तमिळमध्ये एकच वाक्य बोलल्या. मामींनी त्याचा अर्थ काही सांगितला नाही.

"अहो वहिनी, ते उतू जायलाच पायजे ना," मामी रडवेल्या होऊन म्हणाल्या. "शेतातलं नवं धान्य आलं, म्हणून सूर्याला थँक्यू. उतू गेलं की वर्षभर घरात भरभराट. आता ह्या म्हणणार, बघ, मुंबईत नाय होत."

आईला इतकी शरमलेली मी कधीच पाहिली नव्हती. "जळला मेला माझा हात," ती म्हणाली. "रथसप्तमीला आम्हीही घालतोच की. मला कळायला नको?" ती घरी धावली, आमची दुधाची अख्खी बाटली घेऊन आली आणि भांडं काठोकाठ भरलं. "आता कसं उतू जात नाही तेच बघते."

गॅस पुन्हा पेटला. थंड दूध पडल्यामुळे भांडं ढिम्म. बऱ्याच वेळाने कडेला बुडबुडे आले, आणि तिकडे आईची बोटं वळवळायला लागली. सवय ती सवय. सासूबाईंनी ते बरोबर हेरलं. त्या पुढे झाल्या आणि त्यांनी आईचे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले.

दूध काठाला आलं. आईने डोळे मिटून घेतले. दूध भसाभस उतू गेलं, बर्नर विझला, ओट्यावरून आलेला ओघळ माझ्या पायापर्यंत पोचला. "पोंगलो पोंगल!" मामी आणि सासूबाई ओरडल्या. आईही ओरडली, मी खाली खेळत असताना जेवायला हाक मारायची त्या आवाजात. सासूबाई चक्क हसल्या. मामी पदराने डोळे पुसत होत्या, आणि मला काही कारण नसताना फार आनंद झाला.

संध्याकाळी कोरा चहा पुढ्यात आल्यावर बाबांनी विचारलं, "दूध कुठंय?"

"उतू गेलं," आई म्हणाली.

बाबांनी कप खाली ठेवला आणि तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

पुढच्या संक्रांतीला आमच्या आंघोळीही आटपल्या नव्हत्या, तेवढ्यात बेल वाजली. दारात सासूबाई उभ्या. गावाहून पुन्हा नवा तांदूळ घेऊन आलेल्या. त्यांनी आईचे दोन्ही हात धरले आणि तिला घेऊन गेल्या.