गट क्रमांक तीन

शाळेचे संडास कोणत्या मुलांनी धुवायचे, ती यादी मी माझ्या हातानं फळ्यावर लिहिली. वळणदार अक्षरात. वर रंगीत खडूनं वेलसुद्धा काढली.

साल ब्याऐंशी-त्र्याऐंशी. नेरूळमध्ये तेव्हा इमारती कमी, चिखल जास्त. मी मराठवाड्यातून आलेला, नागरिकशास्त्राचा नवा मास्तर. नोकरी तात्पुरती. कायम करायचं की नाही, ते मुख्याध्यापकांच्या शेऱ्यावर. म्हणून त्यांच्या विनोदाला मी त्यांच्याआधी हसायचो.

शनिवारी समाजसेवा दिन. पाहुणे येणार होते. शुक्रवारी मुख्याध्यापकांनी सातवीच्या गटांचा कागद माझ्या हातात दिला. गट एक, पाहुण्यांचं स्वागत. गट दोन, झाडं लावणं. गट तीन, संडास-मुतारी.

"तिसऱ्या गटाला तुम्हीच समजवा," ते म्हणाले. "तुमचं ऐकतील ती."

मला वाटलं, माझ्या शिकवण्याचं कौतुक झालं. गाढव मी! छाती फुगवून वर्गात गेलो. आधी आदर्श नागरिकावर दहा मिनिटं बोललो, मग यादी उतरवली.

लिहून झाल्यावर दोन पावलं मागं सरकलो. आपलंच अक्षर न्याहाळायला. आणि तेव्हा कुठं वाचलं.

गट तीनमध्ये पाच नावं. पाचही पोरं आमची. बौद्ध. वर्गात तेवढीच होती. सहावं नाव हवं असतं, तर माझंच बसलं असतं.

मग आठवलं. गावच्या शाळेत गुरुजी दर शनिवारी अंगण मलाच झाडायला लावायचे. "तुझ्यासारखं कुणाला जमत नाही रे." मी खूश! घरी येऊन आईला सांगितलं, तर भाकरी थापणारे तिचे हात थांबले. ते हात का थांबले, हे मला सातवीच्या फळ्यासमोर कळलं. डी.एड. होऊन.

तिसऱ्या गटातली संगीता मान खाली घालून बसलेली.

डस्टर उचललं. सगळं पुसलं. वेलीसकट. हजेरीपट उघडला आणि हजेरी क्रमांकानं गट पाडले. तिसऱ्या गटात मुख्याध्यापकांचा पुतण्या आला.

तासाभरात मुख्याध्यापक दारात.

"हे कुणी बदललं?"

"मी, सर."

"माझा पुतण्या संडास धुणार?"

"हजेरी क्रमांक नऊ आहे त्याचा, सर."

"तुमची ऑर्डर अजून कायम झालेली नाही, मास्तर. लक्षात आहे ना?"

लक्षात होतं. पण म्हणालो, "नका करू कायम. ती यादी माझ्या हातानं पुन्हा फळ्यावर येणार नाही."

ते वळून निघून गेले. शेरा काय पडणार, ते त्यांच्या चपलांच्या आवाजावरून कळलं. पडो. यापुढं कागद कुणीही देवो, आधी नावं वाचायची. मगच खडू उचलायचा.

घंटा झाली. संगीता टेबलापाशी आली. आभार मानणार, असं वाटून मी नम्र चेहरा तयार ठेवला.

"सर, पुसलं ते बरं केलं," ती म्हणाली. "पण पाच नावं लिहीपर्यंत तुमचा हात कसा नाय थांबला?"