तेरावं घर

ईस्टरआधीच्या उपवासकाळात एका शुक्रवारी मुकुंदवाडीच्या आमच्या वस्तीत क्रूसाची वाट निघते. प्रभूच्या शेवटच्या वाटचालीची चौदा स्थानं, म्हणून चौदा घरं. प्रत्येक अंगणात टेबल, त्यावर पांढरी चादर आणि मेणबत्ती. सगळे थांबतात, वाचन होतं, घरचा माणूस प्रार्थना म्हणतो आणि मग तोच लाकडी क्रूस खांद्यावर घेऊन पुढच्या घरी नेऊन देतो. कोणतं स्थान कोणाकडं, ही यादी मी करते. वाचनही मीच करते, कारण माझा आवाज मोठा आहे. घरात तो जरा जास्तच मोठा असतो, असं नवऱ्याचं मत आहे.

या यादीत चार वर्षं माझ्या धाकट्या भावाचं घर नव्हतं. तो दोन गल्ल्या सोडून आईच्याच घरात राहतो. दरवर्षी उपवासकाळाच्या पहिल्याच दिवशी, राखेच्या बुधवारी, कपाळावर राख घेऊन चर्चच्या दारात माझी वाट बघत उभा राहायचा.

"ताई, यंदा एक स्थान माझ्याकडं दे की."

"यादी भरली," मी म्हणायचे. राखेच्या बुधवारी! तेव्हा यादीचा कागदसुद्धा कोरा असायचा. एका वर्षी तेराच घरं जमली, तर नववं स्थान मी विजेच्या खांबापाशी ठेवलं. खांब काही क्रूस उचलत नाही, म्हणून तिथल्या इस्त्रीवाल्याला गळ घातली. तो बौद्ध. पण त्यानं चपला काढल्या आणि काही न विचारता क्रूस पुढच्या घरी पोचवला. भावापेक्षा मला खांब चालला.

कारण सांगते. सहा वर्षांपूर्वी भावानं दारूच्या नशेत आईला ढकललं. ती ओट्यावरून पडली, खुबा मोडला आणि ती पुन्हा कधी चालली नाही. डॉक्टरांना तिनं सांगितलं, "पाय घसरला." मलाही तेच सांगितलं, पण शेजाऱ्यांनी बघितलं होतं. त्या दिवसापासून भावानं दारूला हात लावला नाही. दोन वर्षं तिचं सगळं त्यानंच केलं, अगदी वेणीसुद्धा तोच घालायचा. ती गेली आणि तिची माती झाली त्याच संध्याकाळी मी त्याला बजावलं, "माझ्या घरात पाऊल ठेवू नको." आईनं माफ केलं, तो तिचा प्रश्न. तिच्या वाट्याचा राग कोणीतरी धरायला हवा, असं मला वाटायचं, आणि त्या कामात मी कधी खाडा केला नाही.

यंदा पापांची कबुली द्यायला गेले. मी चिडते, तोंड सोडते, हे नेहमीचं सांगून झालं. मग भावाचं निघालं आणि ते बराच वेळ चाललं. जाळीपलीकडून फादर शांतपणे म्हणाले, "बाई, हे तुमच्या भावाचं पाप झालं. तुमचं सांगा."

मला असा राग आला की काय सांगू. पाप सांगायला गेले आणि तिथंच नवीन करून बसले. एरवी प्रायश्चित्त म्हणून दोन-चार प्रार्थना सांगतात. या वेळी फादर म्हणाले, "शुक्रवारच्या यादीत त्याचं घर घाला."

घातलं. तेराव्या नंबरचं कुटुंब गावी गेलं होतं, तेवढीच जागा रिकामी होती. चौदावं घर दरवर्षी माझंच असतं. दोन्ही आकडे कागदावर एकाखाली एक होते, पण त्याचा अर्थ काही माझ्या डोक्यात शिरला नाही.

शुक्रवारी संध्याकाळी भावाच्या अंगणात पोचलो तेव्हा ऊन अजून तापलेलंच होतं. तेराव्या स्थानी प्रभूला क्रूसावरून उतरवून आईच्या मांडीवर ठेवतात. मी वाचायला लागले आणि 'आईच्या मांडीवर' इथं माझा तो मोठा आवाज बसला. शेजारणीनं पुस्तक हातातून घेऊन वाचन पुरं केलं. मग भावाची प्रार्थना.

"प्रभू, मी माझ्या आईला ढकललं. तिचा पाय घसरला नव्हता. मला लई वर्षं हे सांगता आलं नाय. दया कर."

वस्तीला सगळं माहीत होतं. त्याच्या तोंडून मात्र कोणीच ऐकलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

त्यानं क्रूस उचलला आणि माझ्या घराच्या दिशेनं चालू लागला, तेव्हा कुठं मला यादीचा अर्थ कळला. हा क्रूस आता मला त्याच्या हातातून घ्यायचा होता. लोक गाणं म्हणत मागून येत होते. ज्या हातांनी आईला ढकललं ते हात, असं माझ्या मनात येत होतं. आणि याच हातांतून ती दोन वर्षं घास घेत होती, हेही येत होतं. तिला जमलं ते मला जमत नाही, याची मला लाज वाटली.

मी पुढं होऊन माझ्या अंगणात शिरले, तो फाटकाशीच थांबला. बाहेरूनच त्यानं क्रूस पुढं केला.

"घे ताई. मी इथूनच जातो."

"आत आण," मी म्हणाले.

"टेबल तर इथं अंगणात हाय."

"घरात आण म्हणतेय ना!"

त्याला माफ केलं होतं का, ते तेव्हाही मला माहीत नव्हतं. मी मेणबत्ती नवऱ्याच्या हातात दिली, टेबल चादरीसकट धरलं आणि सगळी वस्ती उन्हात उभी असताना घराकडं ओढत निघाले. दारात ते अडकलं. भाऊ फाटकातून आला, त्यानं क्रूस भिंतीला टेकवला आणि टेबलाची दुसरी बाजू धरली.

"तिरकं कर, ताई," तो म्हणाला.

मी तिरकं केलं. टेबल आत आलं, आणि ते धरून तोही आत आला.